येथील सर्व क्षेम

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीने पुण्याहून एक पुडके पाठवले. मामा जाऊन दोन वर्षे झाली. त्याची काळी पत्र्याची ट्रंक, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने त्याचे नाव, हुद्दा आणि नंबर लिहिलेला आहे, तिने आता कुठे उघडली आणि गणवेशाच्या घड्यांखाली नाडीने बांधलेली पंधरावीस आंतरदेशीय पत्रे तिला सापडली. सोबतच्या चिठ्ठीत तिने एवढेच विचारले होते, ‘दादा, हे अक्षर तुझेच ना?’ अक्षर माझेच होते. १९७१ साली मी पाचवीत होतो, शाळेसाठी माहीमला आजोळी राहत होतो, आणि आजीच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असल्यामुळे सीमेवर असलेल्या मामाला जाणारे प्रत्येक पत्र ती सांगत असे आणि मी लिहीत असे. ‘द्वारा ५६ ए. पी. ओ.’ हा पत्ता तेव्हा मला इतका पाठ होता, की शाळेच्या वहीवरही मी तो चुकून लिहिला होता. ती निळी पत्रे घड्यांवर विरली आहेत, शाई तपकिरी झाली आहे, आणि डिंक लावलेल्या कडांना अजून किंचित आंबूस वास येतो.

त्यांतले ८ डिसेंबरचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझे क्षेम कळवावे. नानांची प्रकृती उत्तम असून ते रोज सकाळी शीतलादेवीच्या देवळापर्यंत फिरून येतात.’ लढाई पेटून तेव्हा पाच दिवस झाले होते. आमच्या खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते, मोटारींचे दिवे अर्धे रंगवले होते, आणि भोंगा झाला की आम्ही मुले जिन्याखाली बसून भेंड्या लावत होतो. नाना मात्र घरात नव्हते. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांच्या छातीत कळ आली होती आणि ते परळला रुग्णालयात पडून होते. हे पत्रसुद्धा तेथेच, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, कंपासपेटी खाली धरून लिहिलेले मला स्पष्ट आठवते. फिनेलचा वास होता, कोणीतरी बादली ओढत नेत होते, आणि मी पेन थांबवून म्हणालो होतो, ‘आजी, पण नाना तर...’

‘लिही तू,’ एवढेच ती म्हणाली होती.

हे सारे मला इतके का लागावे, हे ज्या पुस्तकामुळे कळू लागले ते गेली कित्येक वर्षे माझ्या उशाशी आहे. विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीने पहिल्या महायुद्धातून घरी लिहिलेली पत्रे त्यात आहेत. ओवेनच्या कविता आपल्याकडे महाविद्यालयात शिकवतात, त्यामुळे नाव नवे नाही. पत्रांकडे मात्र फारसे कोणी जात नाही. त्याची सहाशेहून अधिक पत्रे उरली आहेत आणि त्यांतली बहुतेक सगळी एकाच व्यक्तीला, आईला, लिहिलेली आहेत. ही आई, सुझन ओवेन, श्रूजबरी गावात ज्या घरात राहत होती त्याचे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. घराचे नाव होते ‘माहीम’. विल्फ्रेडचे वडील टॉम हे तरुणपणी हिंदुस्थानात राहून परत गेलेले, पुढे रेल्वेत नोकरी केलेले गृहस्थ. त्या दिवसांची आठवण त्यांनी दारावर अशी कोरून ठेवली असावी. माझ्या पत्नीचे माहेर केळवे-माहीमचे असल्यामुळे ते माहीम आपलेच, असा हक्क तिने तत्काळ सांगितला, आणि या विषयावर आमच्या घरी अजून तह झालेला नाही. पण वेल्सच्या सीमेलगतच्या त्या थंड गावात पोस्टमन ‘माहीम’च्या दारात युद्धावरून आलेले पाकीट टाकतो, हे चित्र मनात आले की मला आमच्या खाडीचा वास येतो. त्याला माझा इलाज नाही.

ओवेन १९१६ च्या डिसेंबरअखेर फ्रान्समध्ये उतरला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, मँचेस्टर रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट. पहिल्या पत्रांत उत्साह आहे, शिबिरातल्या गमती आहेत, चिखलाविषयीची तक्रार आहे. मग १६ जानेवारी १९१७ चे पत्र येते. गेल्या चार दिवसांबद्दल तुला फसवण्याला मला कोणतीही सबब दिसत नाही, अशी त्याची सुरुवात आहे. मी सातवा नरक भोगून आलो, आघाडीवर नव्हे, आघाडीच्याही पुढे होतो, असे तो लिहितो. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या उजाड पट्ट्यातले एक भुयार धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. पंचवीस माणसे दाटीवाटीने आत, पायाखाली फूट-दोन फूट पाणी, वर जेमतेम चार फूट हवा, बाहेर पडायला एकच तोंड शिल्लक आणि डोक्यावर सतत तोफांचा मारा. असे पन्नास तास. जिन्यावर उभा केलेला पहारेकरी स्फोटाने खाली फेकला गेला आणि त्याचे डोळे गेले. पाणी गुडघ्यांवर चढत होते तेव्हा त्यात स्वतःला सोडून द्यावे असे मला वाटून गेले, हेही तो आईपासून लपवत नाही.

ही ओळ मी प्रथम वाचली तेव्हा त्याच्याच वयाचा होतो, आणि मला त्याचा राग आला होता. एका दुखणाईत, देवभोळ्या बाईने या मजकुराचे काय करायचे? सकाळची न्याहारी झाली आहे, चुलीवर पाणी आहे, हातात हे पत्र आहे. मुलगा जिवंत आहे एवढे पाकिटावरच्या अक्षरावरून कळते, पण पत्र निघाल्यापासून ते पोहोचेपर्यंतच्या दोन-चार दिवसांचा भरवसा त्यातले एकही वाक्य देत नाही. माझ्या मामाने असे कधी लिहिले नाही. ‘ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि. मी येथे खुशाल आहे. थंडी बरीच आहे. हलवा मिळाला, सर्वांना आवडला.’ माहीमचा हलवा हे आमच्याकडून जाणारे ठरलेले पार्सल होते, कारण लोणकागदाच्या थरांतल्या त्या चौकोनी पातळ वड्या टपालाच्या प्रवासात कधी नासत नसत. ओवेनही आईकडे मोजे, सिगारेटी, खाऊ मागतो. नरकाचे वर्णन ज्या पत्रात आहे त्याच्या मागेपुढे पायमोज्यांच्या याद्या आहेत, आणि आता वाटते की त्या माऊलीला धरून राहण्यासारखे काही सापडले असेल तर ते त्या याद्यांतच. मोजे विणता येतात, त्यांची गाठोडी बांधता येते, पाण्याने भरलेल्या भुयाराचे काहीच करता येत नाही.

फौजेला अशा पत्रांची भीती वाटत असे, आणि ती साहजिकच होती. ब्रिटिश सैनिकाला तेव्हा एक छापील कार्ड मिळत असे. ‘मी ठीक आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केले आहे’, ‘तुमचे पत्र मिळाले’, अशी वाक्ये त्यावर आधीच छापलेली असत आणि नको ती खोडून फक्त सही व तारीख घालायची असे. त्यापलीकडे एक शब्द लिहिला तरी कार्ड नष्ट केले जाईल, अशी ताकीदही त्यावर होती. आपल्या ‘येथील सर्व क्षेम’मध्ये आणि त्या कार्डात मला पूर्वी फार अंतर वाटत नसे. पलटणीतल्या जवानांची पत्रे वाचून त्यांतला नको तो मजकूर गाळण्याचे काम ओवेनसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांकडेच असे. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना काय कळू नये हे ठरवायचे आणि रात्री मेणबत्तीपाशी आपल्या आईला सगळे सांगायचे, असा तो दिनक्रम होता. स्वतःचा मुक्काम कोठे आहे हे लिहायला त्यालाही बंदी होती. म्हणून मायलेकांनी एक खूण ठरवली होती. पत्रात ‘मिसलटो’ हा शब्द आला, म्हणजे नाताळात दारावर टांगतात त्या डहाळीचे नाव, की पुढच्या शब्दांतली दुसरी अक्षरे जुळवायची आणि गावाचे नाव काढायचे. ‘माहीम’मधल्या टेबलावर नकाशा पसरून, चष्मा सावरत अक्षरे मोजणारी ती बाई मला त्या पन्नास तासांच्या वर्णनाहून अधिक जवळची वाटते.

पुढची हकिकत प्रसिद्धच आहे. १९१७ च्या वसंतात तोफगोळ्याने तो उडवला गेला, मनाने कोसळला आणि एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात आला. तेथे त्याला सिगफ्रीड ससून हा कवी भेटला. पुण्याच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू. त्या भेटीनंतर ओवेनच्या कवितेला जी धार आली ती सर्वांना ठाऊक आहे. मी थांबतो ते त्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या पत्रापाशी. एतापल या फ्रान्समधल्या छावणीत आघाडीवर जाणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर आपण एक विचित्र भाव पाहिला होता, असे तो आईला सांगतो: निराशा नव्हती, भीतीही नव्हती, भीतीहून भयंकर असे काही होते, डोळे बांधल्यासारखी, मेलेल्या सशाची असावी तशी ती कोरी नजर होती. तो भाव इंग्लंडात कधी दिसणार नाही, असे तो म्हणतो. आणि जी बाई इंग्लंडात बसली आहे, जिला तो भाव कधी दिसणार नाही, तिलाच हे सांगतो.

१९१८ च्या ऑगस्टअखेर तो पुन्हा फ्रान्सला गेला. ऑक्टोबरच्या आरंभी झालेल्या चकमकीबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. त्या चकमकीविषयी आईला लिहिताना मी रिव्हॉल्वरने एकच माणूस मारला, बाकीच्यांना हसून पकडले, असे तो म्हणतो. सन्मानपत्रातली नोंद निराळी आहे. शत्रूचीच मशीनगन हाती घेऊन याने स्वतः ती चालवली आणि शत्रूची मोठी हानी केली, असे तेथे लिहिले आहे. ज्याने जानेवारी १९१७ मध्ये फसवायला सबब नाही असे लिहिले होते, त्याला आता सबब सापडली होती. आणखी गंमत अशी की पुढे त्याच्या धाकट्या भावाने, हॅरल्डने, पत्रे छापायला घेतली तेव्हा सन्मानपत्राचा मजकूरही बदललेल्या रूपात आला: मशीनगन काबीज केली आणि कैदी पकडले, एवढाच. पत्रांतल्या कितीतरी ओळी हॅरल्डने खोडून टाकल्या होत्या, त्याबद्दल अभ्यासक त्याला अजून क्षमा करत नाहीत. मी अभ्यासक नाही. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर ‘नानांची प्रकृती उत्तम’ असे वळणदार अक्षरात लिहिलेले आहे, त्यामुळे हॅरल्डवर मला फार रागावता येत नाही.

पण त्याच ऑक्टोबरच्या पत्रात दुसरेही काही आहे. नुकतेच जेथे तुझे डोके होते त्याच माझ्या खांद्यावर एकाचे डोके होते आणि त्याचे रक्त तेथे अजून लाल आहे, हे तो आईला सांगतो, आणि त्याच्याविषयी आता लिहिणे नको, असेही म्हणतो. या मुलांना मदत करण्यासाठी मी आलो, म्हणतो. अधिकारी म्हणून त्यांचे नेतृत्व करून, आणि त्यांचे हाल डोळ्यांनी पाहून, म्हणजे वकिलासारखे त्यांच्या वतीने बोलता येईल. आपण मारलेली माणसे त्याने झाकली आणि आपल्या खांद्यावरचे रक्त झाकले नाही. कोणते सांगायचे, कोणते नाही, याची निवड तो करत होता, आणि ही निवड भीतीतून होत होती की लाजेतून, हे मला प्रत्येक वाचनात वेगळे वाटते.

शेवटचे पत्र ३१ ऑक्टोबर १९१८ चे आहे. ऑर्स गावाजवळच्या जंगलात वनरक्षकाचे घर होते, त्याच्या तळघरातून ते लिहिले आहे. मुक्कामाचे नाव म्हणून त्याने ‘वनरक्षकाच्या घराचे धुरकट तळघर’ असेच घातले आहे. धूर एवढा की फूटभर अंतरावरच्या मेणबत्तीच्या उजेडात नीट दिसत नाही, आणि गर्दी एवढी की कोपरे लागून लिहिता येत नाही. डावीकडे कंपनी कमांडर बाकावर घोरतो आहे. एक मिशाळ म्हातारा शिपाई बटाटे सोलून भांड्यात टाकतो, त्याचे पाणी लिहिणाऱ्याच्या हातावर उडते. कोणी लाकडे फोडतो, कोणी ओल्या लाकडांनी धूर वाढवतो. फार छान आयुष्य आहे, असे तो लिहितो. येथे धोका नाही, आणि असलाच तर तू या ओळी वाचेपर्यंत तो टळून गेलेला असेल. तुझ्या खोलीत तू माझ्याइतकीच उबेत असशील अशी आशा करतो. माझ्याभोवती जसे मित्र आहेत त्यांच्या निम्म्याने चांगले मित्रही तुझ्याकडे येणे शक्य नाही. खाली नाव, आणि नावापुढे चुंबनाची ती फुली.

पहिल्या नरकाच्या पत्रात भुयार आहे आणि शेवटच्या पत्रातही जमिनीखालचीच जागा आहे. पहिल्यात पाणी चढते आहे, शेवटच्यात बटाट्याचे पाणी हातावर उडते आहे. मला पूर्वी वाटे की शेवटी शेवटी तोही आमच्या मामासारखाच खुशाली लिहू लागला, थकला. आता तसे वाटत नाही. ज्या माणसाने आईला आधी सगळे सांगितलेले आहे, त्याच्या ‘धोका नाही’ या शब्दांना वजन असते. ते शब्द खरे आहेत की खोटे हे आईला ठरवायचे नसतेच, तिने त्यांत फक्त थोडा वेळ बसायचे असते. ते घर आज पांढरे रंगवून स्मारक म्हणून ठेवले आहे, आणि ते तळघर पाहायला लोक जातात.

आईची पत्रे कोठे आहेत, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तिने त्याचा कागदन्‌कागद जपला. मध्यंतरी स्वतःच्या काही कागदांचे पोते न वाचता जाळ, असे त्याने सांगितले तर तेही तिने निमूटपणे जाळले. पण खंदकातला माणूस पत्रे जपणार कोठे? पुस्तकात त्याचेच बोलणे ऐकू येते, आणि तिचे बोलणे त्याच्या उत्तरांतून ओळखावे लागते. तिचे एक पत्र मात्र आपल्या देशात आले आहे. १९२० साली तिने रवींद्रनाथ ठाकुरांना लिहिले, की शेवटच्या वेळी निघताना आम्ही दोघे उन्हात उजळलेल्या समुद्राकडे, फ्रान्सच्या दिशेने पाहत उभे होतो, आणि माझ्या कवी मुलाने तुमचे शब्द म्हटले: येथून जाताना माझा निरोपाचा शब्द हाच असो, की मी जे पाहिले त्याला तोड नाही. पुढे त्याची खिशातली वही तिच्याकडे परत आली, तेव्हा त्याच्या अक्षरात तेच शब्द लिहिलेले आणि खाली रवींद्रनाथांचे नाव होते. ज्याने मेलेल्या सशाची नजर पाहिली होती तो हे म्हणतो आणि आई ते मनात धरून ठेवते. यात कोण कोणाची समजूत घालत होते, हे मला सांगता येणार नाही.

४ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी सांब्र-वाझ कालवा ओलांडण्याच्या प्रयत्नात तो मारला गेला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. आठवड्याने, ११ तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा श्रूजबरीत घणघणत असताना तारवाला ‘माहीम’च्या दाराशी आला.

आमच्या माहीमला तार आली नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी युद्ध थांबले, आणि त्यानंतर दोनतीन दिवसांच्या तारखेचे मामाचे पत्र आले. ते आजीने देवघराच्या खणात ठेवले होते, आता ते माझ्याकडे आहे. डोळ्यांवरची हिरवी पट्टी निघाली होती तरी तिला बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून ती आधी पत्र उलटे धरून पाठीमागच्या उठलेल्या रेघांवरून बोटे फिरवी. दाब सारखा असला तर ‘बसून लिहिलंय हो’ म्हणे, नाहीतर गप्प राही, आणि मगच माझ्या हातात देई. त्या पत्रात नेहमीचेच होते: खुशाली, थंडी, हलव्याची पोच. शेवटी ता. क. म्हणून एक ओळ होती: ‘नानांना सांगावे, सकाळी देवळापर्यंत जाताना मफलर गुंडाळून जात जा. या दिवसांतला गारवा छातीला बरा नाही.’ आजीने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. नानांकडे मफलर नव्हता. मुंबईत लागतो कोणाला? संध्याकाळी तिने शेजारच्या काकूंना दादरला पाठवून एक तपकिरी मफलर आणवला, परळला नेला आणि त्या उकाड्याच्या वॉर्डात नानांच्या गळ्यात स्वतः गुंडाळला. नाना तो काढू लागले तर म्हणाली, ‘राहू दे, बाळनं सांगितलंय.’

मामा फेब्रुवारीत रजेवर आला तेव्हा नाना घरी होते आणि खरोखरच देवळापर्यंत जाऊन येत होते. डिसेंबरविषयी कोणी काही बोलले नाही, पुढची पंचवीस वर्षे नाना जगले तोवर नाही, आणि नंतरही नाही. मामाला त्या वेळी काहीच ठाऊक नव्हते, असेच मी धरून चाललो होतो.

परवा रात्री ८ डिसेंबरचे ते पत्र मी दिव्याखाली सहज उलटे केले. मागे, पाठवणाऱ्याच्या जागी, माझ्या अक्षरात माहीमचा पूर्ण पत्ता आहे. पुढे, तिकिटावर, टपालाचा काळा शिक्का आहे. पत्र मी रुग्णालयाच्या फाटकापाशी असलेल्या लाल पेटीत टाकले होते, त्यामुळे शिक्का परळचा आहे. त्याच्याभोवती शिसपेन्सिलीने, नकाशावर ठिकाण दाखवताना काढतात तसे, बारीक नीटस वर्तुळ काढलेले आहे.